पंखाला कोण आहे?

१

हँगरचा दरवाजा एका दमात कधी उघडतच नसे. आधी खांद्याने धक्का, मग खालच्या रुळावर एक लाथ, मग दोन शिव्या, आणि मग तो कुरकुरत बाजूला सरकायचा. मास्तरीणबाईंनी त्याही सकाळी तो याच क्रमाने उघडला. क्लबात ग्लायडर उडवायला शिकवणाऱ्या त्या एकट्याच. केस पिकले होते, गुडघे बोलायला लागले होते, पण विद्यार्थी चुकला की आवाज असा चढायचा, की मैदानाच्या पार टोकाला केबल गुंडाळून ग्लायडर वर ओढणाऱ्या विंचवर बसलेल्या भावजयीला रेडिओची गरज पडू नये.

आत रबराचा आणि जुन्या तेलाचा वास कोंडलेला होता. पत्र्याच्या भोकांतून ऊन आलं होतं. सगळी ग्लायडरं आपापल्या जागी एका अंगावर कलून पडली होती. ग्लायडरला इंजिन नसतं आणि पोटाखाली मध्यभागी एकच चाक असतं, त्यामुळे जमिनीवर ते सरळ उभं राहू शकत नाही. एक पंख जमिनीला टेकतो, दुसरा वर जातो. उडायची वेळ झाली की कुणीतरी टेकलेला पंख टोकाशी धरून उचलायचा आणि दोन्ही पंख समतल करायचे. पंख समतल म्हणजे आतला माणूस तयार आहे, ओढा. त्या खुणेला दुसरा अर्थ नाही.

कोपऱ्यातलं पांढरं ग्लायडर समतल उभं होतं.

बाई दारातच थांबल्या. चाकातली हवा गेली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. रबर पसरलं असेल, त्यावर बसलं असेल नीट. वाकून बघितलं तर चाक टणक होतं. मग फरशीला खड्डा असेल. खड्डाही नव्हता. पंखाच्या टोकाखाली पडलेल्या धुळीवर कसलाच ठसा नव्हता. त्यांनी टोकाला बोट लावलं, तसा पंख खाली गेला. पडला नाही. हातातलं सामान कुणी जपून खाली ठेवावं, तसा टेकला.

"कोण आहे रे तिकडे?"

पत्र्याने त्यांचाच आवाज परत दिला. उंदीर असेल, असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि लगेच स्वतःवरच चिडल्या. छातीइतक्या उंचीवर पंख उचलून धरणारा उंदीर त्यांनी तरी पाहिला नव्हता. त्यांनी वाळूची पिशवी आणून पंखावर ठेवली. थोडा विचार केला आणि आणखी एक आणली.

२

ते पांढरं ग्लायडर धाकट्याचं, म्हणजे बाईंच्या भावाचं. त्यांच्याच हाताखाली शिकलेला आणि सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला.

उन्हाने जमीन तापते, गरम हवा वर जाते, तिच्यात घिरट्या घालून उंची कमवायची आणि ती खर्चत पुढे जायचं, एवढाच या उडण्याचा हिशेब. कमाई थांबली की खालचं एखादं मोकळं शेत निवडायचं आणि उतरायचं. त्यात लाज नाही. शेत उशिरा शोधण्यात लाज आहे. लांबी, उतार, जमीन, जनावरं, तारा, हे बाई पाढ्यासारखं घोकून घेत. तारांच्या बाबतीत तर त्यांचा हट्टच होता. वरून तार दिसत नाही, खांब शोधायचे. खांब सापडले नाहीत तरी 'तार नाही' म्हणायचं नाही, 'तार दिसली नाही' म्हणायचं. चुकून कुणी 'तार नाही' म्हणालं, की त्या त्याला सगळ्यांदेखत हँगर झाडायला लावत. धाकट्याने तो हँगर इतक्यांदा झाडला होता, की पुढे झोपेतसुद्धा ते शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका दुपारी हवा मेली आणि धाकटा डोंगरापलीकडे खाली आला. रेडिओवर त्याचा आवाज आला. "ताई, शेत मिळालं. सपाट आहे, लांब आहे. तार नाही. उतरतोय."

त्याला आणायला त्याची बायको आणि ट्रेलरवाले काका निघाले. कुठेही उतरलेलं ग्लायडर पंख काढून ट्रेलरवर घालून आणायचं, हे काकांचं आयुष्यभराचं काम. त्यांना ग्लायडर सापडलं ते एका खडकाळ माळावर. वरून विजेच्या तारा गेलेल्या, इतक्या खाली की त्यांच्याखालून पाखरू शिरताना विचार करेल. ग्लायडरला ओरखडासुद्धा नव्हता. काचेच्या झाकणाची कडी आतून लावलेली. पट्टे आवळून अडकवलेले आणि पट्ट्यांच्या आत कुणीही नाही. वारा सुटला होता, तरी ते समतल उभं होतं. काकांनी हात लावला तेव्हा ते हळूच कललं.

खूप शोधलं. शेवटी पोलिसांनी ठरवलं की माणूस उतरला आणि चालत गेला, त्याला घरी परत यायचंच नव्हतं. आतून लागलेल्या कडीचं काय, तर ती बाहेरूनही लागत असेल. लागत नाही, हे बाईंनी त्यांना घसा बसेपर्यंत सांगितलं. पण लोकांना पोलिसांचं म्हणणं पुरलं. दुकानाच्या रांगेत भावजयीच्या पाठीमागे कुजबुज चालायची, असेल कुणीतरी दुसरी. भावजय मूग गिळून बसणाऱ्यांतली नव्हती. ती वळून विचारायची, "नाव सांगा ना तिचं. मलाही भेटायचंय." घरी आल्यावर मात्र ती जेवायची नाही, हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

बाईंना कडीपेक्षा आणि पट्ट्यांपेक्षा एक वेगळीच गोष्ट छळत होती. 'तार नाही' असं धाकटा म्हणालाच कसा?

३

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" काका म्हणाले.

तिघं हँगरसमोर उभी होती. आकाशात कापसाच्या बोंडांसारखे ढग बसायला सुरुवात झाली होती. वरची हवा सांगत होती की दुपारी पश्चिमेकडून पातळ, उंच ढगांची चादर येणार, ऊन झाकणार, जमीन थंड पडणार आणि वर उचलणारी हवा थांबणार. धाकट्याचा दिवसही नेमका असाच होता. असा दिवस पुन्हा यावा म्हणून बाई वाट बघत होत्या.

"त्याच्या सीटवर बसून, त्याच हवेत, त्याच वाटेने जायचंय मला," त्या म्हणाल्या. "त्याला वरून काय दिसलं ते बघायचंय. एवढंच."

"आणि ते ग्लायडर? ते मी कसं उभं बघितलंय ते सांगितलंय तुम्हाला."

"मीही बघितलं. आज सकाळी."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "मग तर जाळून टाका ते!"

"जाळून टाकलं की लोक म्हणतील, बघा, पुरावा जाळला. तो पळाला म्हणे! माझा भाऊ दूध आणायला गेला तरी सांगून जायचा. मी त्याला पळपुटा म्हणून पुरू द्यायची नाही, काका. पुरायलाही तो हातात नाही."

भावजय विंचची किल्ली बोटांत फिरवत होती.

"ताई, जाऊ नका, असं मी म्हणायला हवं ना?"

"हो."

"नाही म्हणत. तो मला सोडून गेला, हे मला खोटं ठरलेलं हवंय. पण तुम्हीही परत आला नाहीत, तर ते खोटं ठरवून मी करू काय?"

"मी परत येते की नाही ते बघ."

"बघते," भावजय म्हणाली आणि तरातरा विंचकडे चालू लागली. काकांनी हात टेकले. पंख एकदाच धरतो, म्हणाले, पण उघड्या हाताने नाही. हातमोजे आणायला ते ट्रेलरकडे गेले.

४

ग्लायडर ढकलत आधीच मैदानावर आणून ठेवलं होतं. बाईंनी पंखावरच्या वाळूच्या पिशव्या काढल्या आणि त्या आत बसल्या. सीट त्यांच्या मापाची नव्हती, धाकटा उंच होता. पट्टे आवळले, झाकण लावलं, कडी सरकवली, केबल हुकात अडकली आहे याची खात्री आधीच करून घेतली होती. मान खाली घालून एकेक काटा तपासला. डावा पंख गवतात टेकलेला होता.

पंख उचलला गेला. क्षितिज सरळ झालं. आले एकदाचे काका, असं मनात म्हणून त्यांनी रेडिओचं बटण दाबलं.

"ढील काढ."

दूरवर विंच घुमली. गवतातली केबल सरपटत ताठ व्हायला लागली. आणि तेवढ्यात काचेतून त्यांना काका दिसले. ते ट्रेलरकडून येत होते. एक हातमोजा चढवला होता, दुसरा चढवत होते. त्यांनी मान वर केली आणि ते जागच्या जागी थांबले. हातमोजा अर्धा तसाच राहिला. ते पंखाच्या टोकाकडे बघत होते.

बाईंनी तिकडे मान वळवली नाही. त्यांचा हात पिवळ्या मुठीवर गेला. ती ओढली की हूक उघडतं आणि केबल गळून पडते. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य त्या हेच शिकवत: जरा जरी शंका आली तरी पिवळी मूठ. पुढचं सगळं नंतर.

अंगावर काटा आला होता. पण त्याखाली दुसरंही काही होतं, दोन उन्हाळे दाबून ठेवलेलं. तो संताप होता.

"उडवायचंय ना तुला मला?" त्या दातओठ खाऊन म्हणाल्या. "उडव तर मग."

हात मुठीवरून काढला आणि बटण दाबलं. "ओढ."

५

वर गेल्यावर सगळं इतकं छान होतं की त्यांना शरम वाटली. हवा वर नेतेय की खाली, ते आवाजाने सांगणारं यंत्र गोड टिवटिव करत होतं, ढगांखाली हवा उचलून घेत होती, पंख हाताला हलका होता. त्यांनी भरपूर उंची कमावली आणि डोंगर ओलांडला. प्रत्येक वळणावर खालचं एक शेत हेरून ठेवलं. भावजयीला सांगितलं, बरी आहे. भावजय म्हणाली, ऐकतेय.

मग चादर आली. आधी सूर्य फिकट झाला, मग कापसाचे ढग विस्कटले, मग टिवटिव थांबली. यंत्राने तो एकसुरी, रडवा आवाज धरला, जो खाली चाललोय म्हणून सांगतो. बाईंनी परत फिरण्याचा हिशेब केला. डोंगर ओलांडण्याइतकी उंची आता नव्हती. "उतरावं लागणार," त्यांनी रेडिओवर सांगितलं. कुणी उत्तर दिलं नाही. डोंगर मध्ये आला असेल.

उजवीकडे एक शेत होतं.

असं शेत त्यांनी आख्ख्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. सपाट, लांबलचक, आखूड हिरवं गवत, ना दगड ना जनावर, बरोबर वाऱ्याच्या दिशेत. वर्गात फळ्यावर त्या असं शेत काढायच्या आणि म्हणायच्या, असं कुणाला मिळत नसतं. त्यावर ऊन पडलेलं होतं. बाकी साऱ्या मुलखावर ढगाची सावली होती आणि त्या शेतावर तेवढं ऊन होतं. ढगाला भोक पडलं असेल, बाईंनी म्हटलं, आणि वर बघितलं. भोक नव्हतं.

शेताच्या मधोमध एक पांढरं ग्लायडर समतल उभं होतं. पंखाच्या टोकाशी कुणीतरी होतं, उंच, एक हात पंखाला. दुसरा हात वर करून ते हलवत होतं.

रेडिओ खरखरला. "ताई, शेत मिळालं. सपाट आहे, लांब आहे."

तो त्याचाच आवाज होता. 'ताई'मधला 'ई' किंचित लांबवणारा. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. यंत्र रडत होतं, काटा खाली चालला होता आणि त्यांचा हात आपण होऊन उजवीकडे वळत होता. एकदा फक्त तोंड बघावं. एवढ्या खालून गेलं की तोंड दिसेल.

"धाकट्या," त्या म्हणाल्या, "तारा?"

बराच वेळ नुसती खरखर आली. मग आवाज आला, अगदी मायेने.

"तार नाही."

बाईंनी डोळे पुसले आणि त्या तोंडाकडे बघायचं सोडून, जे इतरांना शिकवलं होतं तेच बघितलं. डोंगरावरून विजेचे खांब रांगेने उतरत होते. हिरव्याच्या कडेशी रांग थांबत होती. पलीकडच्या कडेला तीच रांग, त्याच रेषेत, पुन्हा सुरू होत होती. मधल्या उन्हात काही नव्हतं.

"मग हँगर झाड," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डावीकडे वळण घेतलं.

डावीकडे एक नांगरलेलं शेत होतं. आखूड, चढाचं, ढेकळांनी भरलेलं, दिसायला भिकार. पण त्याचं एकूणएक ढेकूळ ढगाच्या सावलीत बसलेलं होतं. एकदा निवडलं की बदलायचं नाही. मागून रेडिओवर कुणीतरी त्यांना हाका मारत होतं, आधी त्याच्या आवाजात आणि मग कुणाच्याच नाही. त्यांनी रेडिओ बंद केला.

६

चाक ढेकळात शिरलं, खाडकन काहीतरी मोडलं, पट्ट्यांनी खांदे कापले आणि ग्लायडर थांबलं. डावा पंख मातीत टेकला. बाई हसायला लागल्या. जिवंत होत्या. म्हाताऱ्या हाडांना हलवून बघितलं, सगळी जागेवर होती.

पट्ट्यांकडे हात नेला आणि क्षितिज सरळ झालं.

डावा पंख वर आला होता. वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. बंद केलेला रेडिओ खुट्ट वाजला आणि त्यातून त्यांचाच आवाज आला, सकाळचा, ठणठणीत.

"ढील काढ."

ग्लायडरचं नाक एकदा हलकेच पुढे ओढलं गेलं. ही ओढ त्या आयुष्यभर ओळखत होत्या. पट्ट्यांकडे जाणारा हात जड झाला होता. पट्टे आवळलेले, कडी आतून लावलेली, पंख समतल. आता एकच शब्द उरला होता, आणि तो त्यांच्या आवाजात यायचा बाकी होता.

सकाळी जे केलं नव्हतं ते बाईंनी आता केलं. दोन्ही हातांनी पिवळी मूठ धरली आणि जीव खाऊन ओढली.

पोटाखाली हूक खटकन उघडलं. समोरच्या नांगरटीतली ढेकळं एका रेषेत हलली, नाकापासून थेट बांधापर्यंत, काहीतरी लांब वेगाने मागे घेतल्यासारखी. मग बांधावरचं गवत हललं आणि सगळं शांत झालं.

पंख मात्र खाली आला नाही.

७

काका आणि भावजय धाकट्याच्या वाटेने शोधत ट्रेलर घेऊन पोचले, तेव्हा बाई पंखाच्या टोकावर मांडी ठोकून बसल्या होत्या. पंखाला नुसतं कोपर टेकवणाऱ्याला या बाई मैदानाबाहेर काढत.

"ताई, लागलं का? उठा."

"नाही उठणार."

"का?"

"बसून बघ."

भावजय शेजारी बसली. क्षणभराने तिचा चेहरा उतरला. खालून काहीतरी पंख उचलत होतं. धसमुसळेपणा नाही, घाई नाही. वाट बघायची सवय असलेल्याने उचलावं तसं.

तिने खाली वाकून बघितलं नाही. "तो होता?" तिने विचारलं.

"त्याच्या आवाजात बोलणारं होतं. 'तार नाही' म्हणालं मला."

भावजय विंचवर बसून तेच नियम वर्षानुवर्षं ऐकत आली होती. तिला उलगडून सांगावं लागलं नाही. "म्हणजे त्या दिवशीही..."

"त्या दिवशीही तो बोलत नव्हता."

"म्हणजे तो मला सोडून गेला नाही."

"नाही गं. त्याला नेलं."

दोन उन्हाळे चारचौघांत ताठ राहिलेली भावजय तिथे, त्या ढेकळांत, मोठ्याने रडली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण जागचं उठून नव्हे. रडून झाल्यावर भावजयीने पदराने नाक पुसलं, पाय आखडून घेतले आणि पंखावर आणखी दाबून बसली.

"आता घे म्हणावं," ती म्हणाली.

काका पाना घेऊन पंखाच्या मुळाशी गेले. पंख काढले की उडायचं काही राहत नाही. पाना बोल्टवरून सारखा सटकत होता. डोंगराकडे अंधारून आलं होतं, आणि त्यात दूर एक हिरवा तुकडा अजून उन्हात होता. त्याच्या मधोमध उभं असलेलं ग्लायडर आता तिथे नव्हतं. पंख दोघींखाली आणखी बोटभर वर आला. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि वजन टाकलं.

"काका, सावकाश करा," भावजय म्हणाली. "आम्ही बसलोय."